दुसऱ्याच्या रानातला आइतवार

शामूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नसरापूरच्या आमच्या दुकानात एका बाईच्या साडीला फॉल लावत होते. फोन रिबेकाचा होता, दादाच्या मुलीचा. "आत्या, पप्पा गेले," ती म्हणाली आणि मग रडत रडत सांगत गेली. सकाळी दादा गोठ्यातून आला, ओट्यावर टेकला, चहाचा कप हातात घेतला आणि राहेलवहिनींना म्हणाला, "जरा दम लागलाय." तेवढंच. समोरच्या बाईला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. मी तिचा फॉल पुरा करून दिला, हात आपोआप चालत होता. ती गेल्यावर शटर खाली ओढलं आणि मग पोटभर रडले.

त्याचं खरं नाव शमुवेल. वाडीच्या जिभेला ते कधी झेपलं नाही, त्यामुळे पाळण्यात असतानाच त्याचा शामू झाला असावा. तो माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. हे चुलते तरुणपणी बाहेरगावी एका मिशनच्या दवाखान्यात कामाला होते, आणि तिथून घरी परतले ते ख्रिस्ती होऊन. वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीजवळच्या आमच्या एवढ्याशा वाडीत या गोष्टीनं काय गहजब झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी. भावकीनं त्यांची जमीन काढून घेतली नाही, विहिरीवर हटकलं नाही. पण त्या घराला 'आपलं' म्हणताना लोकांची जीभ किंचित अडखळायची, ती माझ्या लहानपणापर्यंत अडखळतच होती.

दादाला भोरला, त्यांच्या ख्रिस्ती मंडळींच्या दफनभूमीत पुरलं. वाडीतली बरीच माणसं आली होती. मयताला येणं हा रिवाज आहे, त्यात कोणी मागं राहत नाही. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू झाला. रिबेका पिंपरीला असते, नवरा-बायको दोघं नोकरीला. ती आईला म्हणाली, "चल माझ्याकडं, हितं एकटी राहून काय करणार?" वहिनी मग म्हणाल्या, "तुझ्या पप्पांनी रोप टाकून ठेवलंय. त्याची आवणी झाली तर राहीन. न्हाई झाली तर येईन." एका वाक्यात त्यांनी सगळं त्या भाताच्या खाचरांवर टाकून दिलं.

शहरातल्या वाचकांना यातली मेख कळायची नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे तयार रोपं उपटून चिखलात लावणं, एका घराला उरकत नाही. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात राबायचं, उद्या तुझ्या, परवा तिसऱ्याच्या. याला सावड म्हणतात. ऐकायला फार गोड वाटतं, पण सावड फुकट नसते. जेवढी माणसं माझ्याकडे राबली तेवढं राबणं मी त्यांच्याकडे फेडायचं. ज्याला फेडता येत नाही त्यानं मागू नये, हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. वहिनींचे गुडघे केव्हाच गेलेले. मी म्हटलं, "वहिनी, मी जाऊन चार घरी शब्द टाकते." तर म्हणाल्या, "नगं कुसुम. फेडायला माझ्याकडं काय हाय, ही गुडघं?" आणि स्वतःच हसल्या. मी हसले नाही.

दादाचं आणि वाडीचं बिनसायचं ते रविवारावरून. आवणीच्या ऐन घाईत, आभाळ धरून आलेलं, रोप तयार, सगळी वाडी चिखलात, आणि हा बाबा रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून भोरला उपासनेला जायला एसटीची वाट बघत उभा. पासलीहून वेल्हे, वेल्ह्याहून नसरापूर, तिथून भोर... अर्धा दिवस त्यातच जायचा. किसननाना म्हणजे आमच्या भावकीतले वडीलधारे, त्यांच्या शब्दाबाहेर वाडी जात नसे. ते बांधावरून ओरडायचे, "शामू, रोप काय आइतवारी वाढायचं थांबतंय व्हय रं?" दादा हात जोडून म्हणायचा, "न्हाई नाना, ते बिचारं वाढतंय. मी थांबतो." नानांना राग यायचा तो त्याच्या हसण्याचा. भांडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. जत्रेत बोकडाच्या वर्गणीला तो हात लावत नसे, पण त्याच जत्रेत आलेल्या-गेलेल्याला प्यायचं पाणी दिवसभर तोच भरायचा. नवस बोलत नसे, अंगारा लावत नसे, कोंबडं कापत नसे, आणि कुणाची म्हैस अडली की अर्ध्या भाकरीवरून उठून जायचा. त्याला कुठल्या खणात ठेवायचं ते लोकांना शेवटपर्यंत समजलं नाही.

तो फार मोठा संत होता असं कुणी समजू नये. हट्टी होता. गाणं येत नसताना पहाटे गोठ्यात मोठ्यानं गायचा, म्हशीसुद्धा कान पाडायच्या. जेवायला बसला की प्रार्थना इतकी लांबवायचा की रश्श्यावर साय धरायची. माझा नवरा संजय डोळे मिटल्याचं सोंग करून एका डोळ्यानं ताटाकडे बघत बसायचा. एकदा मी म्हटलंच, "दादा, तुझ्या देवाला सगळं आधीच माहीत असतं म्हणतोस, मग एवढं समजावून का सांगतोस?" तर म्हणाला, "त्याला न्हाई गं, मला समजायला येळ लागतो."

संजयचं नाव निघालं म्हणून त्या वर्षाचं सांगायलाच हवं. संजय भोंगवलीचा, आणि दुसऱ्या जातीतला. आम्ही आमच्या मनानं लग्न केलं. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, एक दिवस रडले, दुसऱ्या दिवशी नसरापूरला येऊन संजयला नीट न्याहाळून गेले, आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. भावकीला आमचं लग्न एक वेळ चाललं असतं, ते जेवण चाललं नाही. वाळीत टाकणं गुन्हा आहे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ना बैठक झाली ना ठराव. फक्त आवणीला आमच्याकडे कोणी आलं नाही. आणि नाना पारावर बसून सहज बोलावं तसं बोलले, की त्या घराच्या खाचरात जो पाय ठेवील त्याच्याकडे यंदा सावडीला माणूस मिळेल असं काही वाटत नाही. एवढं पुरतं.

आम्ही चौघं उतरलो, आप्पा, आई, मी आणि संजय. संजय ज्वारीच्या मुलखातला, त्यानं असला चिखल जन्मात पाहिला नव्हता. पहिल्याच खाचरात त्याची चप्पल गेली ती गेलीच. दुपारपर्यंत आम्ही एक कोपरा लावला. आप्पा कमरेवर हात देऊन उरलेल्या रानाकडे बघत उभे राहिले. वर्षाचं भात त्यात होतं, आणि भातापेक्षाही, आपण आता या वाडीत राहायचं की नाही, ते त्यात होतं. ते मला म्हणाले, "विकून टाकू. तुमच्याकडं नसरापूरला यिऊन राहू." माझ्या वडिलांना मी इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शामूदादा आणि राहेलवहिनी बांधावर उभे. दादानं धोतर वर खोचलेलं, वहिनींनी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला. आप्पा घाबरले. "शामू, मागं फिर. तुझी सावड जाईल."

"जाऊ द्या आप्पा."

"आरं, तुझं रोप तयार हाय."

"तुमचं जास्त तयार हाय," म्हणून तो चिखलात उतरलाही.

जेवताना मी त्याला विचारलं, की दादा, तू कशाला ओढवून घेतोस? तू तर आधीच भावकीच्या काठावर. तो कांदा फोडत म्हणाला, "आमच्या प्रभूनं कुणाच्या घरात जेवायचं ते काय भावकीला इचारून ठरवलं न्हवतं. मग म्या कुणाच्या रानात उतरायचं ते कशाला इचारू?" आणि कांद्याचा मोठा तुकडा संजयच्या हातावर ठेवला. हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर धाडसबिडस काही नव्हतं. त्याला ते सरळच वाटत होतं.

तो आठवडा दोघं रोज आले. शनिवारी संध्याकाळी सगळ्यात मोठं खाचर तेवढं राहिलं. रोप पिवळट पडायला लागलं होतं, आणखी थांबलं तर गेलंच. आप्पा म्हणाले, "उद्याचा एक दिस ये, शामू." दादा मग हळूच म्हणाला, "उद्या आइतवार, आप्पा." आठवडाभर आप्पांनी आत दाबून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर पडलं. "आइतवार! तुझ्या देवाला माझं खाचर दिसत न्हाई का रं?" दादानं पाटाच्या पाण्यात पाय धुतले आणि मान खाली घालून निघून गेला. मला तर इतका संताप आला होता की मी त्याला हाकसुद्धा मारली नाही. भावकीचा कायदा मोडतो आणि स्वतःचा मात्र मोडवत नाही, असं काहीतरी मी संजयला म्हणाले.

रविवारी आम्ही चौघंच उतरलो. दुपार कलली तेव्हा खालच्या रस्त्यावर एक टेम्पो थांबला. आधी दादा उतरला. त्याच्या मागून वहिनी, आणि मग एकेक करत भोरच्या प्रार्थनामंदिरातली मंडळी. इस्त्रीचे शर्ट, पांढऱ्या साड्या, केसांना तेल, आणि सगळ्यात शेवटी बूट-मोजे घातलेले त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, उंच, काटकुळे. उपासना संपवून सगळे थेट आले होते. दादा आप्पांच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, तुमी काल इचारलं ते म्या आज समद्यांच्या म्होरं इचारलं. आइतवारी म्या आपल्या रानात उतरणार न्हाई. पर ह्ये कुठं आपलं रान हाय? ह्ये तुमचं हाय." पाळकसाहेब बांधावर बसून शांतपणे मोजे काढत होते.

मदत म्हणून त्या मंडळींचा उपयोग यथातथाच झाला. कुणी दुकानदार, कुणी नर्स, कुणी शिवणकाम करणारी. एकजण कोथिंबिरीची जुडी ठेवावी तशी रोपांची अख्खी मूठ एका जागी रोवत होता. पाळकसाहेब इतकं खोल लावायचे की वर नुसती शेंडी दिसायची. आई त्यांच्या मागं मागं फिरत उपसून परत लावत होती, शेवटी तिला राहवलं नाही. "आवो साहेब, लावायचंय त्ये, गाडायचं न्हाई!" आणि ती हसायला लागली. माझं लग्न झाल्यापासून मी आईला हसताना पाहिलं नव्हतं. मग आप्पा हसले, मंडळींनी एक गीत धरलं, दादानं त्यात आपला बेसूर आवाज मिसळला. वरच्या बांधावर वाडी उभी राहून बघत होती. खाली कोणी उतरलं नाही, पण निघूनही कोणी गेलं नाही. अंधार पडायच्या आत खाचर भरलं. ओळी वाकड्या होत्या, भात मात्र सरळच आलं.

दादाची सावड तुटली, नाना बोलले तसंच झालं. त्याच्या खाचरात आम्ही राबलो, पण दोन घरांचं बळ ते किती? त्याचं रोप वाढून गेलेलं, भात निम्म्यावर आलं. त्या वर्षी शिमग्याच्या आधीच त्यांच्याकडचा तांदूळ संपून नाचणी सुरू झाली. मला ते वहिनींच्या रिकाम्या तांदळाच्या डब्यावरून कळलं, दादाच्या तोंडून कधी नाही.

पुढं काही वर्षांनी ऐन आवणीत नानांच्या घरी आजारपण आलं. त्यांची बायको, आमच्या काकी, पुण्याला दवाखान्यात, मुलं तिकडं धावपळीत, सावड फेडायला घरात कोणी नाही, आणि नाना एकटे ओट्यावर. त्या रविवारी भोरहून परतलेला दादा कपडे बदलून सरळ नानांच्या खाचरात उतरला. नाना बघत राहिले. ये म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. संध्याकाळी स्वतः चहा करून आणला, तो इतका पांचट होता की दादाला त्याची चव मरेपर्यंत आठवायची. त्यानंतर कोणी काही जाहीर केलं नाही. जसं न बोलता तुटलं होतं तसंच न बोलता जुळलं. दादाचा रविवार मात्र तेव्हापासून ठरून गेला. सकाळी उपासना, आणि परतल्यावर ज्याचं कोणी नाही त्याचं रान. कधी विधवा बाईचं, कधी ज्याचा मुलगा दारू पिऊन पडलाय त्याचं. लोक थट्टा करायचे, की शामूचा देव ह्याला सुट्टी देतो आणि हा दुसरीकडं कामाला जातो. थट्टेत आता धार नव्हती.

भोरला जाता-येता तो माझ्या दुकानात चहाला थांबायचा. लांबचा प्रवास, दोन एसट्यांच्या मधला वेळ. शेवटचा भेटला तोही असाच. दमलेला दिसत होता. मी म्हटलं, "दादा, बास झाली आता शेती. रिबेकाकडं जा, आराम कर." तो बशीत चहा ओतत म्हणाला, "आणि आइतवारी काय करू? दुसऱ्याच्या रानात जायचं तर आपलं बी एक रान पायजे की, न उतरायला." मी कपाळावर हात मारला. मग विचारलं, "इतकी वर्षं येतोस, मला कधी म्हणाला नाहीस, कुसुम, तूपण ख्रिस्ती हो म्हणून." तर म्हणाला, "तू आजवर सांगून काय ऐकलंयस?" गाडी लागली, तो हसत हसत चढला. मी काही त्याच्या देवाची झाले नाही. पण तो देव जर दादासारखा वागत असेल, तर माझी त्याच्याविषयी काही तक्रार नाही.

यंदा पाऊस चांगला झाला आणि वाडीत एकदम घाई उडाली. सगळ्यांची रोपं एकदमच तयार, रोज कुणाची ना कुणाची सावड. आजूबाजूची खाचरं हिरवी होत गेली आणि मधे दादाचं रान तेवढं उघडं. वहिनी कुणाच्या दारात गेल्या नाहीत. शनिवारी मी वाडीवर पोचले तेव्हा रोपाची टोकं पिवळी पडली होती आणि ओट्यावर रिबेकानं आईच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. सोमवारी निघायचं ठरलं होतं. वहिनी भांडी पालथी घालत होत्या. मला वाडीचा राग आला. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची रानं लावली, त्याच्या बायकोला हे बघायला लागावं? वहिनी म्हणाल्या, "त्यांनी कुठं फेडून घ्यायला लावली व्हती? तू नगं चिडू." हे ऐकून तर मला रडूच आलं.

रविवारी सकाळी वहिनी पांढरी साडी नेसून भोरला निघायच्या तयारीत होत्या. इतक्यात खालून पॉवर टिलरचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर किसननानांचा मुलगा दादाच्या खाचरात चिखलणी करतोय, बायका तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, बसून रोप उपटतायत, आणि नाना, आता पार वाकलेले, बांधावर काठी टेकून उभे. घराघरातलं माणूस होतं. आम्ही तिघी धावतच खाली गेलो.

"नाना, आज आइतवार..." वहिनी म्हणाल्या.

"ठाव हाय," नाना म्हणाले. "आठ दिस ज्याची त्याची रानं केली. आज शामूचा वार. आज आपल्या रानात उतरायचं न्हाई, म्हनून हितं आलोय."

"पर म्या फेडणार कशी?"

"त्येनं मला इचारलं व्हतं का, मी कशी फेडणार म्हनून? मग तू कशाला इचारतीस, सूनबाई?"

त्या घरातल्या बाईला नानांनी 'सूनबाई' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनी डोळे पुसले आणि रिबेकाकडे वळून म्हणाल्या, "उद्या तू एकटीच जा बाळा." मग पदर कमरेला खोचला, साडी वर घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी चिखलात पाय टाकायला निघाल्या. नानांनी काठी आडवी धरली.

"तू कुठं? ह्ये तुझं रान हाय. आज आइतवार. बस बांधावर."

वहिनी बसल्या. मी आणि रिबेका उतरलो. संध्याकाळी शेवटचं खाचर भरलं तेव्हा सगळी वाडी डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखली होती, आणि जिचं रान होतं तिच्या पांढऱ्या साडीवर एक शिंतोडा नव्हता.